नोकरी सुटली, आता दात-डोळ्यांचं काय?

ज्येष्ठांसाठीच्या समुपदेशन केंद्रात हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो: "नोकरीत होतो तोवर दवाखान्याचं बघितलं जायचं. आता दाताला, डोळ्याला कुठला विमा घेऊ?" उत्तरादाखल एका काकांची हकीकत सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

काका ६१ वर्षांचे, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीतून निवृत्त झालेले. सोबत काकू, आणि हातात एजंटानं दिलेलं पॉलिसीचं माहितीपत्रक. 'दात, डोळे सगळं कव्हर' असं तोंडी आश्वासन. दोघांचा हप्ता काकांच्या वर्षभराच्या पेन्शनला भिडणारा. ईपीएस ९५ ची, म्हणजे पीएफसोबतच्या योजनेची पेन्शन ती केवढी! २०१४ पासून किमान आकडा १,००० रुपयांवर थांबलाय; काकांना त्याहून थोडी जास्त मिळते, इतकंच.

पण खरी गोष्ट काकूंनी सांगितली. "घरात मटण केलं तर फोडी बाजूला सारत्यात. नुसता पांढरा रस्सा भातावर घेत्यात. पोराला सांगत्यात, डॉक्टरनं मटण कमी करायला सांगितलंय."

काका खाली मान घालून बसले. मग म्हणाले, "आवो ताई, ह्ये काय आजारपण हाय व्हय? वय झालं की दात पडणारच. हार्टचं काय झालं तर पोरगं धावत येईल. पण मटण चावत न्हाई म्हणून पैसे दे, आसं कुठल्या तोंडानं सांगू?"

त्यांना विमा हवा होता तो यासाठी. विम्याचा पैसा कुणाकडे मागावा लागत नाही. पीएफ-ग्रॅच्युइटीची ठेव बँकेत होती, पण ती नातवाच्या शिक्षणाची, असं त्यांनी मनाशी पक्कं केलेलं. कुणी तसं सांगितलं नव्हतं. अशी माणसं मी फार पाहते. गुडघा, हृदय यांवरचा खर्च त्यांना रास्त वाटतो. दात आणि चष्मा म्हणजे चैन.

ती चैन नाही, हे काकांच्याच रिपोर्टवरून दाखवता आलं. चावता येत नाही म्हणून मऊ भात आणि चहात बुडवलेली बिस्किटं, आणि साखर वाढलेली. हिरड्या सुजलेल्या असल्या की मधुमेह आटोक्यात ठेवणं अवघड जातं, आणि मधुमेह वाढला की हिरड्या आणखी बिघडतात. डोळ्यांचंही तेच. मधुमेहात डोळ्याचा पडदा खराब होऊ लागतो तेव्हा सुरुवातीला काहीच जाणवत नाही. म्हणून दुकानात जाऊन नुसता चष्म्याचा नंबर काढणं पुरत नाही. वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यायलाच हवा.

मग ती पॉलिसी वाचली. अपवादांच्या पानावर सगळं होतं, बारीक अक्षरात. दाताचे उपचार अपघातात इजा झाली तरच. चष्मा नाही. मोतीबिंदूला २४ महिने थांबायचं. बहुतेक मेडिक्लेममध्ये असंच असतं, त्यात लबाडी नाही. विमा अचानक येणाऱ्या मोठ्या खर्चासाठी असतो. हॉस्पिटलच्या खर्चासाठी पॉलिसी जरूर घ्या, पण दातासाठी घेऊ नका. सत्तरीनंतर मिळणाऱ्या पाच लाखांच्या आयुष्मान वय वंदना कार्डाचंही तसंच: दवाखान्यात दाखल झालात तर उपयोगी, चष्मा-कवळीला नाही.

काकांच्या पगारातून ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची वर्गणी कापली जायची. निदान पाच वर्षं विमाधारक राहून निवृत्तीच्या वयाला नोकरी सोडली असेल, तर वर्षाला १२० रुपये भरून नवरा-बायको दोघांचे उपचार चालू ठेवता येतात. महिन्याचे नव्हे, वर्षाचे १२०! जुना विमा क्रमांक आणि कंपनीचं निवृत्तीचं पत्र घेऊन ईएसआयच्या शाखा कार्यालयात जायचं. चष्मा आणि कवळी मात्र त्यातून मिळेलच असं धरू नका.

काकूंच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला. त्यांना सीपीआरला, कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात पाठवलं. अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया भिंगासह मोफत होते. कवळीसाठी सांगलीच्या दंत महाविद्यालयाचा पर्याय सुचवला. तिथं शिकणारी मुलं प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, खर्च खासगीपेक्षा बराच कमी. फेऱ्या बऱ्याच होतात. एसटीत काकूंना अर्धं तिकीट, काकांना ६५ होईतो पूर्ण, यावरून दोघांची तिथंच जुंपली.

राष्ट्रीय वयोश्री योजनेत चष्मा आणि कवळी दोन्ही मोफत मिळतात. वय ६० पूर्ण हवं, आणि दारिद्र्यरेषेखालचं कार्ड किंवा महिना १५,००० रुपयांच्या आतलं उत्पन्न. ६५ च्या पुढच्यांना, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला दोन लाखांच्या आत असेल तर, मुख्यमंत्री वयोश्रीतून चष्म्यासारख्या साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये खात्यावर येतात. काकांच्या थोरल्या भावाला तिथं अर्ज करायला सांगितलं.

आणि मुलाला बोलावलं. काकांसमोरच विचारलं, बाबा मटण का खात नाहीत माहीत आहे का? त्याला खरंच माहीत नव्हतं. तो चिडला, पैशावरून नाही, लपवलं म्हणून. पुढचा अर्धा तास बाप-लेक भांडले आणि मी मध्ये पडले नाही. शेवटी ठरलं ते असं: ठेवीतली छोटी रक्कम वेगळ्या खात्यात, त्याचं व्याज दोघांच्या दात-डोळ्यांना, कमी पडेल ते मुलगा घालणार. वयोश्रीच्या शिबिराची वाट बघत बसायचं नाही, असं काकूंनी सांगून टाकलं, कवळी आधी.