युद्ध आणि दडपशाहीत जगणाऱ्या तरुणांवर मनोगत लिहायचंय, पण मी तसं काही भोगलेलं नाही. उसनं वाटू नये म्हणून काय करू?

तुम्ही विचारलंय की कॉलेजसाठी ८०० शब्दांचं 'वैयक्तिक' मनोगत हवंय आणि स्वतःच्या आयुष्यात असं काही घडलेलं नाही, मग वैयक्तिक आणायचं कुठून?

भोगलेलं नाही म्हणून अडून बसू नका. अशी मनोगतं फसतात ती वेगळ्याच कारणाने. विषय एवढा अवाढव्य वाटतो की पहिल्याच ओळीत 'जगभरातील लाखो निरागस बालकं' येतात आणि वाचणाऱ्याला शेवटपर्यंत एकही चेहरा दिसत नाही. ८०० शब्दांत एक ठिकाण, एक काळ आणि एकच नियम मावतो. नियम निवडा असं मुद्दाम म्हणतोय. दडपशाही बंदुकीच्या आधी कागदावर येते: परिपत्रक, वेळापत्रक, बंदीचा हुकूम. तो कागद एका मुलाच्या दिवसात कुठून शिरला हे शोधायचं. तुम्हाला त्यात काय दिसलं, तेच तुमचं वैयक्तिक.

दक्षिण आफ्रिकेतलं सोवेटो घ्या, जोहान्सबर्गलगतची कृष्णवर्णीयांची वस्ती. १९५३च्या कायद्याने कृष्णवर्णीय मुलांचं शिक्षण वेगळं आणि कमी दर्जाचं करून ठेवलं होतंच. १९७४मध्ये हुकूम निघाला की स्टँडर्ड पाचपासून, म्हणजे शाळेच्या सातव्या वर्षापासून, गणित, अंकगणित आणि समाजशास्त्र आफ्रिकान्समधून, म्हणजे सत्ताधारी गोऱ्यांच्या भाषेतून, शिकवायचं. सामान्य विज्ञान आणि शिवणकाम, सुतारकाम यांसारखे विषय इंग्रजीतून. मातृभाषा उरली धर्मशिक्षण, संगीत आणि शारीरिक शिक्षणापुरती.

ही वाटणी घाईने वाचू नका, इथेच थांबा. १३ वर्षांच्या मुलासमोर गणिताचं पुस्तक उघडं आहे. बेरीज-भागाकार त्याला येतो, पण उदाहरणात विचारलंय काय, ते कळत नाही. बऱ्याच शिक्षकांनाही ती भाषा धड येत नव्हती, त्यामुळे अडलं तर समजावून सांगणारं वर्गात कुणी नाही. मुलगा नापास होतो आणि निकालात दिसतं एवढंच की याला गणित येत नाही. हुकूम, पुस्तक, शिक्षक, निकाल ही साखळी नीट उलगडायला ३०० शब्द खर्च करा. या हुकुमाविरुद्ध मुलांनी मोर्चा काढला, त्यावर तेवढे नकोत.

मोर्चाबद्दल लिहाल तेव्हा मुलांनी काय केलं ते आधी सांगा, त्यांच्यावर काय ओढवलं ते नंतर. १३ जून १९७६ला विद्यार्थ्यांनीच कृती समिती नेमली. १६ जूनला मॉरिस आयझॅक्सन, नालेडी आणि इतर शाळांतून हजारो मुलं ऑर्लँडो स्टेडियमच्या दिशेने निघाली. वाटेत पोलिसांनी गोळीबार केला. त्यात गेलेल्यांपैकी एक १२ वर्षांचा हेक्टर पीटरसन. तो 'पहिला बळी' असं सर्रास छापलं जातं, तुम्ही ते उचलू नका, १५ वर्षांच्या हेस्टिंग्ज एन्डलोवूलाही त्याच सकाळी गोळी लागली होती. मृतांचा आकडा १७६ दिला जातो, काही अंदाज ७००पर्यंत जातात, आणि हे आकडे पुढे पसरलेल्या सगळ्या उठावाचे आहेत. आकडा देणार असाल तर तो एका दिवसाचा की अख्ख्या उठावाचा, हे त्याच वाक्यात लिहा. इथे हमखास चूक होते.

सोवेटो नको असेल तर वयाचं गणित मांडा. फार उपयोगी पडतं. बोस्नियाची राजधानी सारायेव्होचा वेढा ५ एप्रिल १९९२ ते २९ फेब्रुवारी १९९६ असा होता. तो सुरू होताना १४ वर्षांची असलेली मुलगी वेढा उठला तेव्हा १८च्या घरात होती. अफगाणिस्तानात सप्टेंबर २०२१पासून मुलींना सहावीपुढे शाळा बंद झाली आणि डिसेंबर २०२२मध्ये विद्यापीठंही. २०२१मधली १२ वर्षांची मुलगी आज किती वर्षांची, हे वजा करून बघा आणि त्या वर्षांत एरवी काय काय झालं असतं ते लिहा. 'त्यांचं बालपण हिरावलं गेलं' या वाक्याची मग गरजच उरत नाही.

स्रोताबाबत एक फरक जपा. त्या त्या दिवशी लिहिलेल्या रोजनिशीला पुढे काय होणार हे माहीत नसतं, नंतर लिहिलेल्या आठवणींना माहीत असतं. २००९च्या जानेवारीत पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्यातून ११ वर्षांची मलाला युसुफझाई 'गुल मकई' या नावाने बीबीसी उर्दूसाठी लिहीत होती. त्यात एक तपशील आहे: गणवेश घालून येऊ नका असं शाळेनं सांगितलं, म्हणून तिने आवडता गुलाबी ड्रेस घातला, तर प्रार्थनेच्या वेळी सूचना आली की रंगीत कपडेही नकोत, तालिबानची हरकत येईल. भीती कपाटापर्यंत कशी पोचते, हे 'भीतीचं वातावरण होतं' यातून कधीच कळणार नाही. असा एक तपशील मिळेपर्यंत लिहायला बसू नका.

तिला टोपणनाव का लागलं, हेही ध्यानात घ्या. आज तशाच राजवटीत असलेल्या कुणाशी तुम्ही बोलला असाल तर नुसतं नाव बदलून भागत नाही. गाव, शाळा, इयत्ता आणि भावंडांची संख्या एकत्र आली की माणूस ओळखू येतो. यातलं जास्तीत जास्त एक ठेवा, मजकूर त्या व्यक्तीला दाखवा आणि ती नको म्हणाली तर काढून टाका, वाक्य कितीही चांगलं जमलेलं असलं तरी.

'आपण किती नशीबवान' हा शेवट कृपा करून टाळा. बरीच मनोगतं तिथेच जाऊन पोचतात आणि त्या मुलांना सोडून लिहिणाऱ्याच्या समाधानावर संपतात. स्वतःशी तुलना करायचीच असेल तर मधे करा, एका वस्तूची करा: तुमचं गणिताचं पुस्तक आणि त्यांचं. शेवटी माहिती जिथे संपते तिथेच थांबा. गोळी लागलेल्या हेक्टरला उचलून धावणारा मुलगा छायाचित्रकार सॅम न्झिमा यांनी काढलेल्या फोटोत जगाने पाहिला. त्याचं नाव म्बुयिसा मखुबो, वय १८. फोटोमुळे पोलीस मागे लागले आणि त्याला देश सोडावा लागला. १९७८मध्ये त्याच्या आईला नायजेरियातून त्याचं पत्र आलं. त्यानंतर तिला त्याची काहीच खबर मिळाली नाही.