कोण हसलं, नाव सांग

प्रिय पोरी,

परवा उंबऱ्यात चपलेचा अंगठा सारखा करताना तू म्हणालीस, "मावशी, मी ये…" आणि थांबलीस. मग म्हणालीस, "निघायला हवं आता." तू रंकाळ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत मी दारातच उभी होते. ते थांबणं माझ्या ओळखीचं आहे.

आपल्या कोल्हापुरात बायकाही "मी येतो"च म्हणतात. पुण्याच्या हॉस्टेलवर तुझ्या त्या "मी येतो"ला हसले, म्हणून तू "येते" शिकलीस. आता इथं गल्लीत "येते" म्हटलं की ऐकायला मिळतं, आली पुण्याची मॅडम. "धड इथली नाही, धड तिथली नाही. लोक हसतात," असं तू चहा घेता घेता बोललीस. कोण हसतात, विचारलं तर म्हणे सगळेच. 'सगळेच' नावाचं माणूस ना पुण्यात राहतं ना कोल्हापुरात. नाव सांग म्हणून तुझ्या मागं लागले, तेव्हा निघाल्या किती? तिकडं खोलीतल्या दोघी, इकडं एक चुलत बहीण. तिघींसाठी तू तुझी जीभ गहाण टाकलीस.

चूक-बरोबरचं म्हणशील तर ऐक. शेजारच्या कन्नडात बाई असो की बाप्या, 'मी येतो'ला दोघंही 'बरुत्तेने'च म्हणतात. आणि पुण्याच्या मराठीतही 'मी येईन, मी जाईन' बाईचं वेगळं आणि पुरुषाचं वेगळं कुठं आहे? 'येईन'ला कुणी हसत नाही, 'येतो'ला हसतात. म्हणजे हसू व्याकरणाचं नव्हे.

अमेरिकेत चार्ल्स कूली नावाचे एक समाजशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी 1902 साली मांडलं की माणूस स्वतःला दुसऱ्याच्या आरशात बघतो. समोरच्याला आपण कसे दिसतो याचा आधी अंदाज बांधतो, मग त्यानं आपल्याला काय ठरवलं असेल याचा अंदाज बांधतो, आणि त्यावर खूश होतो नाहीतर शरमतो. मला यातला 'अंदाज' महत्त्वाचा वाटतो. लाज खरी असते गं, पण ती उभी असते आपल्याच अंदाजावर. 2000 साली तिकडच्याच संशोधकांनी एक प्रयोग छापला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा एका गायकाचं चित्र असलेला टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं, निम्म्या लोकांनी तरी पाहिलं असेल. पाहिलं होतं जेमतेम पाव लोकांनी.

म्हणून म्हणते, नाव सांग.

मी सांगितलं नाही. 1984 साली मुंबईत एका कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले. पहिल्याच आठवड्यात वरच्या बाई म्हणाल्या, "फोनवर बाई बोलतेय की पुरुष, कळत नाही." झालं. लोकलमध्ये खिडकीकडं तोंड करून मी पुटपुटायची, जोडते, देते, कळवते. महिन्याभरात कोल्हापूर तोंडातून धुऊन निघालं. त्या दिवाळीत ऑफिसातल्या मैत्रिणीला घेऊन गंगावेशीतल्या घरी आले. आई पांढऱ्या रश्शाची पळी घेऊन उभी. म्हणाली, "बस गं, मी वाढतो की." आणि मी, त्या मैत्रिणीसमोर, म्हणाले, "आई, वाढते म्हण."

मैत्रीण हसलीही नव्हती. तिचं लक्ष ताटात होतं.

आईनं वाढलं. त्यानंतर मी घरी असले की ती बोलायची ते "वाढायचं का?", "बाजारला जाऊन यायचंय", "येईन मग." 'येतो' नाही, 'येते' नाही. त्या शब्दापाशी आली की क्षणभर थांबायची आणि वळसा घालून पुढं जायची. आई 1999 मध्ये गेली. पंधरा वर्षं माझ्यासमोर तिनं तो वळसा घातला. आणि परवा उंबऱ्यात तू घातलास.

पण मी तरी काय करायचं होतं? धाकटे दोघे शिकत होते. 'जोडते' म्हटलं म्हणून पगार आला, त्याच पगारातून आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. नोकरीपुरतं बदलले याचा मला पश्चात्ताप नाही, अजिबात नाही. तिथं मला नाव ठाऊक होतं, त्या बाईंचं. घरी मात्र मी बिननावाच्या लोकांना जेवायला बसवलं. असो.

तू म्हणशील, मावशी, तू आता बोल की 'येतो'. बोलून बघितलं. नाटकातल्यासारखं वाटतं. माझ्या तोंडचं ते गेलं.

शाहू महाराजांची गोष्ट तुला माहीत आहे. गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात शिवाशिवीपायी गिऱ्हाईक येईना, तर महाराज स्वतः तिथं थांबून चहा प्यायचे. त्या दुःखापुढं तुझं नखाएवढंही नाही. पण बघ, न येणाऱ्यांची नावं कुणाला आठवतात? चहा प्यायला त्याचं नाव आजही घेतो.

आणि कौतुकाचंही नाव विचारत जा. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये जीआय, म्हणजे अमुक भागाचाच माल असा सरकारी शिक्का, मिळाला तेव्हा तुमच्या कॉलेजात कुणी ढुंकून पाहिलं नाही. जून 2025 मध्ये मिलानला प्राडा या इटलीच्या बड्या फॅशन कंपनीच्या शोमध्ये तसल्याच चपला दिसल्या, आणि तू लगेच चप्पल लाइनीतल्या दुकानात. चप्पल छान आहे, ती तू घाल. पण ती आधी छान नव्हती काय?

'येतो' म्हण, 'येते' म्हण, ते तुझं तू ठरव. मधे थांबू मात्र नकोस, मला ऐकवत नाही.

रविवारी भडंग करणार आहे, हॉस्टेलला न्यायला डबा घेऊन ये. त्या खोलीतल्या दोघींसाठी वेगळ्या पुड्या बांधीन. पुडीवर लिहायला त्यांची नावं लागतील.

तुझी,
मावशी