इंटर्नशिपला रुजू होण्याआधी

प्रिय,

तुझा मेल दोनदा वाचला. ‘मी अबोल आहे, चारचौघांत बोलायचं म्हटलं की घसा कोरडा पडतो, मग इंटर्नशिपमध्ये माझा निभाव कसा लागणार?’ असं तू विचारलंस. त्यामागची खरी धास्तीही मला जाणवली. उद्या क्षेत्रच बदलावं लागलं तर असल्या स्वभावाच्या माणसाला ते झेपेल का, हीच ना? आधी तिच्याबद्दलच लिहितो.

कामाचं जग बदललं की त्याच्याशी जुळवून घ्यायची जी क्षमता लागते, तिच्यावर करिअर मानसशास्त्रात भरपूर अभ्यास झाला आहे. मार्क सॅव्हिकास यांनी १९९७ मध्ये ही कल्पना ठामपणे मांडली. पुढे २०१२ मध्ये त्यांनी आणि एरिक पॉरफेली यांनी १३ देशांतल्या संशोधकांना सोबत घेऊन ती मोजण्यासाठी २४ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यात चार गोष्टी तपासतात: पुढचा विचार आतापासून करतोस का, निर्णयाची जबाबदारी स्वतःवर घेतोस का, वेगळ्या वाटांबद्दल कुतूहल आहे का आणि अडचण आली तर ती सोडवता येईल असा भरवसा वाटतो का. गप्पिष्ट असणं या चारांत कुठेच नाही, हे नीट लक्षात घे.

स्वभावाचा संबंध नाही असं मात्र मी म्हणणार नाही. शिस्तीनं काम करणारे, नव्याला न बिचकणारे, स्वतःहून पुढाकार घेणारे यांच्यात ही क्षमता सरासरीनं जास्त आढळते. मोकळेपणानं माणसांत मिसळणाऱ्यांतही. सतत काळजी करणाऱ्यांत ती कमी आढळते. पण सरासरी म्हणजे तुझं भविष्य नव्हे. स्वभाव सहसा हळूहळू बदलतो. या चार गोष्टी त्या मानानं लवकर वाढवता येतात, आणि त्या वाढवायला इंटर्नशिपसारखी जागा नाही. म्हणूनच तुझ्यासारख्यानं ती टाळू नये असं मला कळकळीनं वाटतं.

अर्थात, नुसतं रोज हजर राहून काही वाढत नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्येच मांडलं होतं की ‘मला जमेल’ हा विश्वास सर्वांत पक्का बसतो तो स्वतः काम तडीस नेल्यावर. दुसऱ्याचं बघून किंवा कुणी पाठ थोपटल्यावर तो येतो, पण तितका टिकत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यातच एखादं छोटं, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत तुझंच असेल असं काम मागून घे.

समज, तुला दोन एक्सेल शीट जुळवायला दिल्या. कंटाळवाणं काम. जुळवताना तुझ्या लक्षात येतं की एका शीटमध्ये तारीख आधी आहे आणि दुसरीत महिना, त्यामुळे काही नोंदी चुकीच्या महिन्यात जाऊन बसल्यात. इथे दोन रस्ते आहेत. गुपचूप दुरुस्त करून शीट पाठवून द्यायची, किंवा सोबत चार ओळी लिहायच्या: काय सापडलं, काय बदललं, कोणत्या नोंदींबद्दल अजून शंका आहे आणि ही शीट पुढे कोण वापरतं. या चार ओळींसाठी बोलकं असावं लागत नाही. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की तुझ्या टेबलापलीकडचं काम दिसायला लागतं. कुतूहल असंच वाढतं, आणि पुढाकारही हाच.

तू लिहून चांगलं मांडतोस, तेव्हा शंका लिहूनच विचार. मीटिंगच्या आधी एक मुद्दा कागदावर काढून ठेव आणि तेवढाच बोल. काळजीनं पोखरणारा स्वभाव असेल तर फीडबॅकची वाट बघत झुरू नकोस. दर आठवड्याला दहा मिनिटं सुरुवातीलाच मागून ठेव. बोलक्या मुलांचा हेवा करू नकोस. त्यांची ओळख पटकन होते, पण हातात पूर्ण केलेलं काम नसेल तर त्यांनाही पुढे अडचण येते.

जागा निवडताना मोठ्या नावाला भुलू नकोस. मुलाखतीत सरळ विचार: माझं काम कोण बघणार, चुका कोण दाखवणार आणि मला स्वतंत्र असं काय करायला मिळेल? यावर उत्तरं गुळमुळीत आली तर नाव कितीही मोठं असो, मी तरी तुला तिथे जा म्हणणार नाही.

आणि काम आवडलंच नाही तर? तेही चालेल. फक्त ‘हे क्षेत्र माझं नाही’ असा शिक्का घाईनं मारू नकोस. नेमकं काय खटकलं ते लिहून काढ: काम, कामाची पद्धत की तिथली माणसं? माणसांमुळे वैतागून चांगलं क्षेत्र सोडून दिलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

ज्या दोन जागांमध्ये तुझं अडलंय, त्यांची कामाची वर्णनं पाठव. रविवारी फोनवर बोलू. तुला लिहूनच बरं वाटत असेल तर तसं कळव.

तुझा,
सर