पावतीच्या प्रिंटरचा ओपन सोर्स ड्रायव्हर लिहिलाय, आता तो वाटायचा कसा?

भाऊ, नंतर येणाऱ्यांनाही संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही रावेरला एका केळी व्यापाऱ्याकडे हिशेबाचं काम बघता. काट्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट आहे. पावतीसाठी ५८ मिमीचा बिनब्रँडचा थर्मल प्रिंटर आहे आणि त्याच्या सीडीत फक्त विंडोजचा ड्रायव्हर निघाला. म्हणून तुम्ही पायथॉनमध्ये स्वतःच ड्रायव्हर लिहिला, आणि आता शेतकऱ्याचं नाव, घड, वजन, भाव सगळं मराठीत छापून येतं. सावदा, फैजपूर, चोपड्याहून मागणी येतेय आणि तुम्ही व्हॉट्सॲपवर झिप पाठवताय. तुम्हाला विचारायचंय की लायसन्स कोणतं लावू, वाटप कसं करू, आणि कप्समधून, म्हणजे लिनक्सच्या छपाई व्यवस्थेतून, जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर जाणारच असतील तर एवढी मेहनत घेऊ का.

मेहनत जरूर घ्या. फक्त एक गोष्ट मनात पक्की ठेवा. तुमच्या टेबलावर पावती निघाली तेव्हा निम्मं काम झालं. साक्रीच्या एखाद्या दुकानदाराचा "भाऊ, पावती निंघत नही" असा फोन येतो आणि त्या दिवशी तुम्ही लग्नात असता, तेव्हा त्याचं काम अडायला नको. ते उरलेलं निम्मं काम. माझं पुढचं सगळं म्हणणं त्याच्याबद्दल आहे.

तुम्ही दिलेला कोड वाचला. सगळ्यात मोठा बदल मी एकच सुचवेन: अक्षरं काढायचं काम ड्रायव्हरमधून बाहेर काढा. कप्समध्ये छपाईचा प्रवास असा असतो. अ‍ॅप्लिकेशन पीडीएफ देतं. कप्सचे फिल्टर, म्हणजे रूपांतर करणारे छोटे प्रोग्राम, तिची पानं आणि मार्जिन लावून तिचं रास्टर बनवतात, म्हणजे नुसत्या ठिपक्यांचं चित्र. मग प्रिंटरचा स्वतःचा फिल्टर ते ठिपके प्रिंटरला कळणाऱ्या कमांडमध्ये गुंडाळतो आणि बॅकएंड नावाचा भाग ते यूएसबीतून पाठवतो. यातली शेवटून दुसरी पायरी एवढाच तुमचा ड्रायव्हर. तुम्ही मात्र त्यात मजकूर घेता, फाँट उघडता, अक्षरं मांडता, आणि मग ठिपके करता. म्हणूनच फैजपूरच्या माणसाकडे "ऱ्या" फुटून आला आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे गेली. त्याच्या मशीनवर तुमचा फाँट नव्हता, आणि जोडाक्षरं लावणारी लायब्ररी पायथॉनच्या त्या मॉड्यूलला जोडलेली नव्हती. हे काम पँगो आणि हार्फबझ या अक्षरं मांडणाऱ्या लायब्ररी वर्षानुवर्षं चोख करत आल्यात. लिब्रेऑफिस असो की ब्राउझर, देवनागरी नीट मांडूनच पीडीएफ तयार होते. ड्रायव्हरला फक्त ठिपके मिळू द्या. मग अहिराणी असो, उर्दू असो, दुकानाचा लोगो असो, ड्रायव्हरला काही फरक पडत नाही.

ठिपक्यांचा हिशेब तुम्ही बरोबर केलाय, तरी इतरांसाठी लिहितो. हे प्रिंटर २०३ डीपीआयचे असतात, म्हणजे एका मिलिमीटरला ८ ठिपके. ५८ मिमी कागदावर छापता येणारी रुंदी साधारण ४८ मिमी, म्हणून ओळीत ३८४ ठिपके, म्हणजे ४८ बाइट. ८० मिमीच्या प्रिंटरला ७२ मिमी रुंदी आणि ५७६ ठिपके. भाषा एप्सनची ईएससी/पॉस, जी बाकीच्या कंपन्यांनीही उचलली. चित्रासाठी तिच्यातली "जीएस व्ही शून्य" ही कमांड बहुतेक सगळ्या स्वस्त प्रिंटरांना कळते.

इथे दोन ठिकाणी तुमचा कोड पक्का करावा लागेल. पहिलं, तुम्ही अख्खी पावती एकाच चित्रात पाठवता. स्वस्त प्रिंटरची मेमरी छोटी असते. लांब पावतीला तो मधेच बाइट गाळतो आणि पुढचं सगळं चिनी अक्षरांसारखं किंवा कचऱ्यासारखं छापतो. चित्राच्या आडव्या पट्ट्या करा, शंभरेक ओळींच्या आतल्या, आणि प्रत्येक पट्टी वेगळ्या कमांडने पाठवा. दुसरं, अक्षरं मांडून झाली की करड्या छटांच्या चित्राचे तुम्ही विखुरलेले ठिपके करता. फोटोला ते ठीक, पण मराठी मजकुराची शिरोरेषा त्याने तुटते आणि पावती खरखरीत दिसते. मजकुरासाठी सरळ एक उंबरठा ठरवा: एवढ्यापेक्षा गडद तो काळा, बाकी पांढरा. विखुरण्याची पद्धत फोटोसाठी पर्याय म्हणून ठेवा. पानाच्या शेवटच्या कोऱ्या ओळीही कापून टाका. नाहीतर चार ओळींच्या पावतीला हातभर कागद जाईल आणि दुकानदार पहिल्याच आठवड्यात तुमचा ड्रायव्हर काढून टाकेल.

यूएसबी ओळखीवरून मॉडेल ठरवायचा मोह मात्र टाळा. ०४१६:५०११ ही एकच ओळख कितीतरी वेगवेगळ्या नावांचे प्रिंटर सांगतात. कागदाची रुंदी आणि कागद कापणारा कटर आहे की नाही, हे वापरणाऱ्यालाच निवडू द्या.

आता कायद्याचं. तुमच्या झिपमध्ये कंपनीच्या सीडीतली एक फाइल आहे. ती आजच काढा. ती फुकट मिळाली म्हणून वाटायचा हक्क आपल्याला मिळत नाही. ही अडचण किती दूरवर जाते त्याचं उदाहरण आपल्याकडच्या निम्म्या झेरॉक्सच्या दुकानांत दिसतं. एचपी लेसरजेट १०२० या प्रिंटरमध्ये फर्मवेअर, म्हणजे प्रिंटर चालवणारा आतला प्रोग्राम, कायमचं राहत नाही. बंद करून चालू केला की कॉम्प्युटरने ते पुन्हा पाठवावं लागतं. रिक रिचर्डसन यांनी फूटूझेडजेएस हा ओपन सोर्स ड्रायव्हर लिहिला, पण फर्मवेअरची फाइल एचपीच्या मालकीची. म्हणून डेबियनसारख्या लिनक्सच्या वितरणात, म्हणजे सगळे प्रोग्राम जुळवून देणाऱ्या संचात, ड्रायव्हर येतो, फर्मवेअर येत नाही, ते वेगळं उतरवावं लागतं. दिवसातून दोनदा वीज जाणाऱ्या गावात याचा अर्थ काय होतो ते तुम्हाला सांगायला नको. ड्रायव्हर शंभर टक्के खुला असेल तरच तो वितरणासोबत आपोआप माणसापर्यंत पोहोचतो.

प्रिंटर आणि विंडोजच्या ड्रायव्हरमधलं यूएसबीवरचं बोलणं वायरशार्क या निरीक्षणाच्या प्रोग्रामने बघून कमांड समजून घेतल्यात, त्याची भीती बाळगू नका. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२(१)(एबी) नेमकं याबद्दल आहे. स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामसोबत चालावा म्हणून लागणारी माहिती सहज उपलब्ध नसेल, तर कायदेशीरपणे प्रोग्राम बाळगणाऱ्याला ती मिळवता येते. कॅननच्या एलबीपी २९०० ची कॅप्ट भाषा उलगडून लिहिलेला कॅप्टड्रायव्हरही असाच, बाहेरून निरीक्षण करून उभा राहिला. माहिती मिळवणं वेगळं आणि त्यांचा कोड उचलणं वेगळं, एवढी रेघ पाळा.

लायसन्सबद्दल लोकांची मतं वेगवेगळी आहेत. कप्स स्वतः २.३ पासून अपाचे २.० या लायसन्सखाली आहे, आणि तेही चालेल. माझं मत जीपीएल या लायसन्सच्या बाजूने. १९८० च्या सुमारास एमआयटीत रिचर्ड स्टॉलमन यांना झेरॉक्सच्या लेसर प्रिंटरचा सोर्स कोड मिळाला नाही, त्यामुळे कागद अडकल्याचा निरोप देणारी सोय त्यांना त्यात घालता आली नाही. पुढे १९८३ मध्ये त्यांनी ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला, ज्यातून जीपीएल आलं; त्यामागच्या कारणांत ही गोष्ट ते स्वतः सांगत आले. उद्या एखादा विक्रेता तुमचा ड्रायव्हर सुधारून प्रिंटरसोबत विकू लागला, तर त्याची सुधारणा यावलच्या गिऱ्हाईकालाही मिळाली पाहिजे, असं मला वाटतं. जीपीएल ते बंधन घालतं. एक मात्र लक्षात ठेवा: पेन ड्राइव्हवर दिलात तरी सोर्स सोबत द्यायचा. आणि तुमच्या शेठजींकडून एका कागदावर परवानगी घ्या. नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या गोष्टीचे हक्क, वेगळा करार नसेल तर, कायद्याने मालकाकडे जातात. शेठजी नाही म्हणणार नाहीत, पण कागद आत्ताच असलेला बरा.

आता तुमची खरी धास्ती: पीपीडी, म्हणजे प्रिंटरची माहिती कप्सला देणारी फाइल, जाणार, मग काय? खरं आहे, कप्स ३ मध्ये पीपीडी आणि जुन्या धाटणीचे ड्रायव्हर राहणार नाहीत. कप्स मायकल स्वीट यांनी लिहायला घेतलं, २००७ पासून ते अ‍ॅपलकडे होतं, आणि स्वीट बाहेर पडल्यावर २०२० पासून काम ओपनप्रिंटिंग या गटाकडे आलं. टिल कांपेटर यांच्या पुढाकाराने चाललेली ही मंडळी ज्या दिशेने निघालीत ती दिशा बरोबर आहे असं मला वाटतं. नवे ऑफिसचे प्रिंटर आयपीपी एव्हरीव्हेअर किंवा एअरप्रिंट या छपाईच्या ठरलेल्या भाषा बोलतात, त्यांना ड्रायव्हर लागतच नाही. २०२१ च्या डेबियन ११ पासून यूएसबीवरही ते तसेच चालतात. उरतात आपल्यासारख्यांचे प्रिंटर. त्यांच्यासाठी प्रिंटर अ‍ॅप्लिकेशन नावाची सोय आहे. एक छोटा प्रोग्राम तुमच्या प्रिंटरपुढे उभा राहतो, कॉम्प्युटरला "मी आयपीपी प्रिंटर आहे" असं सांगतो आणि आत ठिपके ईएससी/पॉसमध्ये बदलतो. त्यासाठी स्वीट यांचीच पॅपल नावाची लायब्ररी आहे, आणि लेबल प्रिंटरांसाठीचा त्यांचा एलप्रिंट हा प्रोग्राम तुमच्या कामाला सगळ्यात जवळचा नमुना आहे. त्याचा कोड सावकाश वाचा.

त्यामुळे मांडणी अशी करा. मधला गाभा सी भाषेत, एकच काम करणारा: ठिपक्यांच्या ओळी आत, बाइट बाहेर. त्याला कप्सबद्दल काही ठाऊक नसावं. त्यावर आज कप्सच्या फिल्टरचं पातळ कवच चढवा, कारण रावेर-यावलकडच्या मशीनवर आज कप्स २ आहे आणि अजून बरीच वर्षं राहील. पुढे त्याच गाभ्यावर पॅपलचं कवच चढवा. पायथॉन वाईट म्हणून सी सांगत नाही. कुठल्या मशीनवर कुठलं व्हर्जन, कुठलं मॉड्यूल, ही भानगड संपते आणि पॅपलही सीमध्येच आहे. गाभा वेगळा झाला की आणखी एक फायदा मिळतो. काही नमुना रास्टर आणि त्यांचे अपेक्षित बाइट जपून ठेवा. मग कागदाचा तुकडाही न फाडता प्रत्येक बदल तपासता येतो.

वाटपासाठी झिप बंद करा. डेब पॅकेज, म्हणजे डेबियन, उबंटू, मिंटवर थेट बसणारी फाइल, बनवा. फिल्टरची मालकी रूट या मुख्य खात्याकडे हवी आणि इतरांना त्यात लिहिता येता कामा नये, नाहीतर कप्स तो चालवायलाच नकार देतं. तुमच्या चोपड्याच्या गिऱ्हाईकाला "फिल्टर फेल्ड" येतंय ते बहुधा यामुळेच, झिप उघडताना परवानग्या बदलल्या असणार. पॅकेजमध्ये हा प्रश्न उरत नाही. पीपीडी पाठवण्याआधी कप्सटेस्टपीपीडी या तपासणीच्या कमांडमधून काढा. सोर्स कुठल्याही गिट होस्टिंगवर उघडा ठेवा, प्रत्येक आवृत्तीला क्रमांक द्या, पॅकेजवर जीपीजीची डिजिटल सही करा. उबंटू आणि मिंटवाल्यांसाठी लाँचपॅड या साइटवर पीपीए, म्हणजे स्वतःचं पॅकेजचं भांडार, काढता येतं, मग सुधारणा आपोआप पोहोचते. सातपुड्याच्या पायथ्याला जिथे नेट धड नाही, तिथे तेच सही केलेलं डेब पेन ड्राइव्हवर चालेल. त्यासाठी त्याला बाहेरचं फारसं काही लागू नये, हे बघा.

पण मुक्काम पीपीएवर नको. ड्रायव्हर डेबियनमध्ये गेला पाहिजे. तिथे छपाईची वेगळी टीम आहे, पॅकेजांची नावं प्रिंटर-ड्रायव्हर अशी सुरू होतात, आणि नव्या माणसाचं पॅकेज चढवायला आतला एक प्रायोजक लागतो. ते लोक लायसन्स एकेका फाइलचं तपासतात, म्हणून वरचं सगळं सांगितलं. डेबियनमध्ये गेलेली गोष्ट उबंटूत आणि तिथून मिंटमध्ये उतरते. तुम्हाला वेळ मिळाला नाही तरी दुसरा कोणी ती सांभाळू शकतो. याच्याइतकं टिकाऊ वाटप मला दुसरं माहीत नाही. हाताखाली मदत हवी असेल तर जळगावच्या विद्यापीठातल्या आणि धुळे-शिरपूरच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना सांगा. ओपनप्रिंटिंग गुगल समर ऑफ कोड या ओपन सोर्स शिकवणाऱ्या उपक्रमात भाग घेत आलंय आणि त्यात भारतीय विद्यार्थ्यांनी बरंच काम केलंय.

तक्रारींसाठी एक ठरलेला नमुना ठेवा, नाहीतर "चालत नाही" एवढाच मेसेज येत राहतो. फीडचं बटण दाबून धरून प्रिंटर चालू केला की बहुतेक थर्मल प्रिंटर स्वतःची चाचणी पावती छापतात. तिचा फोटो मागा, त्यावर फर्मवेअरचं व्हर्जन असतं. सोबत यूएसबीची यादी आणि कप्सचा एरर लॉग. या पावत्यांचे फोटो सोर्ससोबतच मॉडेलवार साठवा. स्वस्त प्रिंटरांची अशी नोंद कुठेच धड नाही, आणि तुमच्या कोडपेक्षाही ती जास्त लोकांच्या उपयोगी पडेल.

जाता जाता, धरणगावच्या जिनिंगवाल्यांनीही तुम्हाला विचारलंय असं लिहिलंत. कापसाच्या काट्याला थर्मल देऊ नका. त्यांना कार्बनच्या दोन-तीन प्रती लागतात. शिवाय उन्हाळ्यात ट्रॅक्टरवर उन्हात राहिलेली थर्मल पावती काळी पडते, मग वजनाच्या वादात पुरावा कुठला? तिथे डॉट मॅट्रिक्सच बरा. त्यातले बहुतेक एप्सनची जुनी ईएससी/पी भाषा समजतात आणि कप्ससोबतचा ९ पिनचा एप्सन ड्रायव्हर त्यांना चालतो. नवीन काही लिहायची गरज नाही.

आधी गाभा वेगळा करून सोर्स उघड्यावर ठेवा आणि इथेच कळवा. ८० मिमीचा कटरवाला प्रिंटर माझ्याकडे आहे, त्यावर चालवून बघतो. पॅकेजच्या फाइली मी लिहून देईन.