प्रश्नपत्रिका पुढे पाठवण्यापूर्वी

प्रिय विद्यार्थिमित्रा,

अनेक आशीर्वाद.

विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिका, एका क्लासची टेस्ट सिरीज आणि परीक्षा देऊन आलेल्यांनी आठवून लिहिलेले प्रश्न, हे सारे तू टेलिग्रामवरच्या तुझ्या चॅनलवर ठेवले आहेस आणि त्यासाठी कोणाकडून एक रुपयाही घेत नाहीस, मग यात गैर काय, असे तू विचारतोस. क्लासची फी ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी तुझी ही धडपड आहे, हे मी जाणतो. पण या तीन गोष्टींना एकच न्याय लावता येणार नाही.

प्रश्नपत्रिकेवरही स्वामित्वहक्क (कॉपीराइट) असतो, हे अनेकांना पटत नाही. लंडन विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या प्रश्नपत्रिकांवरून इंग्लंडमध्ये 1916 साली निकाल लागला, तेव्हा गणिताचे प्रश्न सर्वांना ठाऊक असलेल्या ज्ञानावरच बेतलेले असतात हा आक्षेप न्यायालयाने मान्य केला नाही. परीक्षकाने स्वतःची बुद्धी खर्चून पत्रिका काढली, एवढे पुरेसे ठरले. आपल्याकडच्या 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्यात कलम 52 ने शिक्षक आणि विद्यार्थी यांना अध्यापनाच्या ओघात प्रत काढण्याची मुभा दिली आहे, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 2016 मध्ये तिचा उदार अर्थ लावून दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील दुकानात पुस्तकांतील उताऱ्यांच्या छायाप्रती काढून बनणाऱ्या अभ्याससंचांना मनाई करण्यास नकार दिला. मात्र ही मुभा शिकण्या-शिकवण्यापुरती आहे. वर्गातल्या चौघांनी एक पत्रिका घेऊन सोडवायला बसणे आणि तीच कोणाही अनोळखी माणसाला कायमची उतरवून घेता येईल अशी ठेवणे, यांत फरक आहे, आणि पैसे घेतले नाहीत म्हणून तो फरक मिटत नाही.

जुन्या पत्रिकांचा प्रश्न सर्वांत सोपा आहे. यूपीएससी आणि एमपीएससी आपल्या पत्रिका स्वतःच्याच संकेतस्थळावर देतात, तेव्हा तिथे फाइलऐवजी दुवा दे. मुलांना अस्सल पत्रिका मिळेल आणि उत्तरतालिकेत पुढे बदल झाला तर तोही कळेल. विद्यापीठाच्या पत्रिका खुल्या नसतील तर परीक्षा विभागाला आणि ग्रंथालयाला विद्यार्थ्यांच्या सह्यांचे पत्र द्या, कारण ही मागणी रास्त आहे आणि ती उघडपणे करायला हवी.

टेस्ट सिरीजबाबत मात्र मी ठाम आहे. त्या पीडीएफच्या प्रत्येक पानावर तिरपे, फिकट अक्षरांत घेणाऱ्याचे नाव आणि मोबाइल क्रमांक छापलेला असतो. तो पुसून फाइल चॅनलवर चढवणाऱ्याला आपण काय करतो आहोत हे पुरते ठाऊक असते. ते प्रश्न लिहिणारा बहुधा कुणी तरुण शिक्षकच असतो आणि त्याचे घर त्यावर चालते. कायद्याचे म्हणशील, तर एका शिक्षिकेच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने 2022 मध्ये टेलिग्रामला अशा चॅनल चालवणाऱ्यांचे फोन क्रमांक आणि आयपी पत्ते उघड करायला लावले, त्यामुळे टोपणनावाच्या आडोशावर विसंबू नकोस.

आठवून लिहिलेल्या प्रश्नांची गोष्ट मला अधिक सलते. व्यवस्थापन प्रवेशाची कॅट किंवा वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशाची नीट पीजी देणारा उमेदवार प्रश्न बाहेर सांगणार नाही, असे आधीच मान्य करून परीक्षेला बसतो. तू प्रश्न मागतोस तेव्हा त्याला तो शब्द मोडायला लावतोस. शिवाय परीक्षेसाठी साठवून ठेवलेल्या प्रश्नपेढीतला तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला, तर ज्याच्यापर्यंत तुझा चॅनल पोहोचला नाही त्या खेड्यातल्या मुलावरच अन्याय होतो, आणि तू तर त्याच्यासाठीच हे सुरू केले होतेस. परीक्षेआधीच फिरू लागलेली पत्रिका हा तर सरळ गुन्ह्याचा भाग आहे. ती कुणी पाठवली तर पुढे न ढकलता परीक्षा घेणाऱ्या संस्थेला कळव.

तेव्हा क्लासच्या फाइली आणि आठवणीतले प्रश्न आजच काढून टाक. त्या जागी जुन्या, खुल्या पत्रिकांची तू स्वतः सोडवलेली उत्तरे मराठीत, पायऱ्यांसह लिहून ठेव. ती तुझीच असतील आणि हवी तितकी वाटता येतील. परीक्षा विभागाला द्यायच्या पत्राचा मसुदा तयार झाला की मला पाठव, मी तपासून देईन.

तुझा हितचिंतक