विंडोजमध्ये तासाभराने कॉम्प्युटर आपोआप बंद करायची कमांड कोणती, आणि मध्येच विचार बदलला तर?

कमांड प्रॉम्प्ट (विंडोजमधली कमांड टाइप करायची खिडकी) उघडून ‘शटडाउन /एस /टी 3600’ टाइप करा (अर्थात इंग्रजी अक्षरांत) आणि एंटर दाबा, तासाभराने मशीन बंद होईल. विचार बदलला तर वेळ संपायच्या आत ‘शटडाउन /ए’ द्या, सगळं रद्द. टीनंतरचा आकडा सेकंदांचा असतो, त्यामुळे 60 लिहिलंत तर तास नव्हे, मिनिटच मिळेल. लिनक्सची सवय असलेल्यांची इथे हमखास गल्लत होते, कारण तिथे ‘+60’ म्हणजे 60 मिनिटं. आकडा दिलाच नाही तर विंडोज 30 सेकंद थांबतं. रीस्टार्ट हवा असेल तर एसच्या जागी आर. ‘शटडाउन /?’ दिलंत की हे सगळे पर्याय स्क्रीनवरच वाचायला मिळतात.

एक मात्र सांभाळा: टीला शून्यापेक्षा मोठा आकडा दिला की ‘/एफ’ हा सक्तीचा पर्याय न लिहिताही लागू होतो, म्हणजे वेळ भरली की उघडे प्रोग्राम सक्तीने बंद केले जातात. अर्धवट फाइल आधीच सेव्ह करून ठेवा. ‘बदल सेव्ह करायचे का?’ असं विचारणारी खिडकी येईल या भरवशावर राहू नका.