लक्ष्मीचा फोटो कोणी काढला?

एका वाचक ताईंनी विचारलं आहे. सासूबाईंच्या देवघरात रविवर्म्याची लक्ष्मी आहे, कागदावर छापलेली, शिसवी चौकटीत बसवलेली. सासूबाई तिला 'लक्ष्मीचा फोटो' म्हणतात, मामंजी 'तसबीर' म्हणतात. फ्रेम बदलायला नेली तेव्हा दुकानदार हळूच म्हणाला, 'ओलिओग्राफ आहे, विकायचाय का?' आणि कॉलेजातली लेक म्हणते, 'आई, ती प्रिंट आहे. लक्ष्मीचा फोटो कोण काढणार?' यात बरोबर कोण, हा पहिला प्रश्न. तसबीर हा हिंदी तस्वीरचा अपभ्रंश का, हा दुसरा.

दुसरा सोपा आहे, तो आधी संपवू. तसबीर हिंदीतून आलेला नाही. हिंदीची तस्वीर आणि आपली तसबीर या सख्ख्या बहिणी. मूळ अरबी, फारसीच्या वाटेने दोघी इकडे आल्या. अरबीतला धातू स-व-र, म्हणजे आकार देणं, रूप देणं. 'सूरत' याच धातूचा. त्या धातूपासून एका ठराविक साच्यात नाम पाडलं की तस्वीर होतं, आणि हा साचा मराठी माणसाच्या रोजच्या वापरातला आहे. तालीम, तारीख, तहसील, तजवीज, तपशील ही सगळी त्याच साच्यातली. बहुतेकींनी मराठीतही स्त्रीलिंग राखलं: ती तालीम, ती तारीख, ती तसबीर. 'तो तपशील' मात्र फुटून निघाला. गळ्यातला 'ताईत'ही याच कुळातला, आणि तोही पुल्लिंगीच.

मग 'व'चा 'ब' कसा झाला? मराठीला ती सवयच आहे. जवाबचा जबाब, नवाबचा नबाब. बरं, हे फक्त परक्या शब्दांचं होतं असं नाही. संस्कृत 'छवि' आपल्याकडे 'छबी' झाली, आणि ती तर चित्राचीच मावशी. तेव्हा 'तसबीर' लिहिताना कोणी चूक दाखवली तर खुशाल दुर्लक्ष करा. चूक होते ती सामान्यरूपात. 'तसबीरीला हार घातला' असं छापलेलं मी वरचेवर वाचतो. जमीन–जमिनीला, तशी तसबीर–तसबिरीला. अनेकवचन तसबिरी.

(तसबी वेगळी बरं का. ती जपमाळ. तिचा धातूही वेगळा. एका दुकानाच्या पाटीवर 'देवांच्या तसब्या मिळतील' असं वाचलं होतं, तेव्हापासून हे सांगून ठेवतो.)

आता मूळ मुद्दा. चित्र, तसबीर, फोटो, प्रिंट हे एकमेकांच्या जागी चालणारे शब्द नाहीत, हे कळायला व्युत्पत्ती फारशी कामाची नाही. नामाशेजारी कोणतं क्रियापद बसतं ते पाहावं. चित्र आपण काढतो, रंगवतो, क्वचित चितारतो. फोटोही काढतो, गावाकडे तो पाडतातही. प्रिंट छापतो किंवा तीही काढतो. आणि तसबीर? 'मी काल एक तसबीर काढली' असं आज कोणी म्हणणार नाही. तसबीर मढवतात. तसबीर लावतात, टांगतात, पुसतात, उतरवतात. म्हणजे चित्र कसं तयार झालं याच्याशी या शब्दाला आता देणंघेणं नाही. ते हाताने रंगवलेलं असो, दगडावरून छापलेलं असो की कॅमेऱ्यातून आलेलं, त्याला काच लागली, चौकट लागली, भिंतीवर मानाची जागा मिळाली की ती तसबीर. मूळ अरबी शब्द चित्र घडवण्याच्या क्रियेचा. आपण तो क्रियेपासून सोडवून वस्तूच्या गळ्यात बांधला.

हा अर्थ असा का वळला, यावर माझं मत सांगतो. साध्या घरात टांगायला चित्रं असणं ही गोष्टच फार जुनी नाही. वाड्यांतून भित्तिचित्रं होती, वाईजवळच्या मेणवलीच्या वाड्यात आजही दिसतात. पण भिंतीवरचं चित्र उचलून दुसऱ्या घरी नेता येत नाही. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चित्रकथींकडे, म्हणजे चित्रं दाखवत आख्यान गाणाऱ्यांकडे, कागदावरची चित्रं असत, पण ती एका आख्यानाची एक गड्डी. तिला ते 'पोथी'च म्हणतात, आणि ती गाऊन दाखवायची असते, टांगायची नसते. काचेवरची चित्रं मात्र टांगायची. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ती पाहायला मिळतात. काचेच्या मागच्या बाजूने रंगवायची, म्हणून सगळा क्रम उलटा. डोळ्याचं बुबुळ आणि नथीचा मोती आधी, चेहऱ्याचा रंग नंतर, पार्श्वभूमी सगळ्यात शेवटी. चूक झाली तर वरून हात फिरवायची सोय नाही. अशी वस्तू ज्याला परवडे त्याच्याच घरी जाणार.

घराघरात चित्र पोचलं ते दगडामुळे. 1796 च्या सुमारास बव्हेरियात आलोइस झेनेफेल्डर याने शिळामुद्रण शोधून काढलं. गुळगुळीत चुनखडीच्या शिळेवर तेलकट शाईने किंवा खडूने चित्र काढायचं, शिळा ओली करायची, मग शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या जागी तेलकट शाई धरत नाही, रेघांवर मात्र धरते. त्यावर कागद दाबला की चित्र उतरलं. आपल्याकडे याला शिळाप्रेस किंवा शिळाछाप म्हणत, आणि जुन्या पोथ्या पाहणाऱ्याला हे शब्द नवे नाहीत. रंगीत चित्र हवं असेल तर रंगागणिक वेगळी शिळा, आणि प्रत्येक वेळी कागद नेमका त्याच जागी बसायला हवा. एखाद्या जुन्या चित्रात देवीच्या ओठांचा लाल रंग ओठांबाहेर केसभर सरकलेला दिसतो, तो त्या दिवशी कागद हलल्याचा पुरावा.

पुण्यात 1878 साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी चित्रशाळा छापखाना काढला. निबंधमालाकारांना चित्रांचा छापखाना का काढावासा वाटला, हा एका वेगळ्या लेखाचा विषय आहे. तिथून देवादिकांबरोबर नाना फडणिसांसारखी इतिहासातली माणसंही रंगीत छापून बाहेर पडली आणि भिंतीवर रामाशेजारी बसली. रविवर्म्याचा छापखाना 1894 साली मुंबईत निघाला. 'शकुंतलाजन्म' हे त्याचं पहिलं छापील चित्र. 1899 मध्ये तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला, आणि पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. चित्रपटाच्या नादी लागण्याआधी दादासाहेब फाळके याच छापखान्यात काम करत. 1972 साली आग लागली आणि तो छापखाना संपला.

दुकानदाराचा 'ओलिओग्राफ' इथला. लॅटिनमध्ये ओलिअम म्हणजे तेल. अनेक शिळांवरून रंगीत चित्र छापायचं, वरून चमकदार रोगण द्यायचं आणि बरेचदा कागदावर कॅनव्हासच्या विणीसारखा उठाव दाबायचा, की लांबून तैलचित्र वाटावं. थोडक्यात, तैलचित्राचं सोंग घेतलेली छपाई. याला मराठीत सुटसुटीत शब्द रुळला नाही. 'तैलमुद्रित छापचित्र' वगैरे घडवता येईल, पण वापरणार कोण? छापचित्र आणि मुद्राचित्र हे शब्द कलाशाळेत चालतात, पण तिथे मुद्राचित्र म्हणजे चित्रकाराने स्वतः ठसा कोरून काढलेली, मोजक्या प्रतींची कृती. बाजारात हजारोंनी खपलेल्या लक्ष्मीला ते नाव दिलं तर दोघांवर अन्याय. मला विचाराल तर ओलिओग्राफ तसाच राहू द्यावा. टेबल आणि खुर्ची पचवलेल्या भाषेला तो जड नाही.

तर ही चित्रं घरी आली ती कागदाच्या रूपात. कागद नुसता भिंतीला चिकटवला तर चुलीच्या धुराने आणि पावसाळ्याच्या ओलीने दोन वर्षांत जाणार. म्हणून काच, चौकट, मागे फळी. हौशी घरात तर लक्ष्मीच्या साडीला खरी जर शिवायची, दागिन्यांच्या जागी टिकल्या आणि मणी लावायचे आणि मग मढवायचं. अशा जरीकाम केलेल्या प्रती आज संग्राहक शोधत फिरतात. चित्र आणि चौकट यांची अशी गाठ पडली की चौकटीशिवाय तसबीर सुचेना. माझा तर्क हाच, की तसबिरीला आजचा अर्थ दिला तो चित्रकाराने नाही, काच बसवणाऱ्याने.

आता सासूबाईंचा 'फोटो'. लेकीचा आक्षेप बिनतोड वाटतो, पण भाषा असल्या आक्षेपांना भीक घालत नाही. फोटो आला तोही काच-चौकटीतच. आजोबांचा काळा-पांढरा फोटो आणि लक्ष्मीची रंगीत तसबीर एकाच दुकानात मढवली जात, एकाच भिंतीवर लागत, दोघांना दसऱ्याला झेंडूचा हार. शेजार जुळला आणि नाव घसरलं. सगळ्या छायाप्रतींना आपण झेरॉक्स म्हणतो, तसं भिंतीवरच्या प्रत्येक चौकटीला फोटो. 'गणपतीचा फोटो', 'शिवाजी महाराजांचा फोटो' म्हणताना कॅमेरा कोणाच्याच मनात नसतो. गंमत म्हणजे अरबीत उलटं झालं. तिथे कॅमेरा आल्यावर छायाचित्रणालाच 'तस्वीर' म्हणू लागले. त्यांनी जुना शब्द नव्या यंत्राला दिला. आपण नव्या यंत्राचा शब्द जुन्या देवांना.

आणि एकच वस्तू जागा बदलली की नाव कशी बदलते ते पाहा. महापुरुषाचं छापील चित्र घरात असेल तर फोटो. तेच शाळेत जयंतीच्या दिवशी खुर्चीवर ठेवलं की ती 'प्रतिमा' होते, आणि वर्तमानपत्रात 'प्रतिमेस पुष्पहार अर्पण' होतो. तेच मोठं करून सभागृहात लावलं की 'तैलचित्राचे अनावरण'. मी अशा एका अनावरणाला हजर होतो. पडदा सरकला, टाळ्या झाल्या, मी जवळ जाऊन पाहिलं तर कॅनव्हासवर यंत्राने काढलेली प्रिंट. तेलाचा थेंब नाही. निमंत्रणपत्रिकेत मात्र तैलचित्र. रविवर्म्याच्या काळी कागद तैलचित्राचं सोंग घ्यायचा, आता शब्द घेतो.

कॅलेंडरची कथा तर माझी आवडती. रघुवीर मुळगावकर, दीनानाथ दलाल या मूळच्या गोव्याच्या चित्रकारांची देवादिकांची चित्रं छपाईतून मराठी घरांत पोचली. वर्षभर खिळ्याला लटकतं ते 'कॅलेंडर'. डिसेंबर सरला की तारखांचा भाग कापून टाकायचा, वरचा दत्त किंवा कृष्ण मढवायला द्यायचा, आणि घरी आली की ती 'तसबीर'. कागद तोच, छपाई तीच. आमच्या आजोळी माजघरात असा एक दत्त होता. त्याच्या पायाशी एका धान्याच्या दुकानाच्या नावातली दोन अक्षरं कापायची राहून गेली होती. आजी रोज त्या अक्षरांसकट हळदकुंकू लावायची.

अलीकडे 'पेंटिंग' हा शब्द शिरला आहे, त्याचंही एक टोक सांगून टाकतो. तंजावर पेंटिंग, वारली पेंटिंग म्हणतात, तंजावर चित्र कोणी म्हणत नाही. शब्द शैलीचं नाव म्हणून आला असेल तर माझी तक्रार नाही. पण 'वारली पेंटिंगची फ्रेम' घेतली असं कोणी सांगितलं की थोडं अडखळायला होतं. मूळ चित्र कुडाच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, लग्नाच्या चौकासाठी, सवाशिणींनी काढायचं. जिव्या सोमा म्हसे यांनी ते कागदावर आणून जगभर नेलं, हे थोर काम. तरी भिंतच ज्याचा कागद होती, ते चित्र आता चौकटीत बसून पुन्हा भिंतीवर येतं.

तर ताई, तुमच्या घरात चौघंही बरोबर आहेत. मामंजींनी वस्तूचं नाव सांगितलं, दुकानदाराने छपाईची जात सांगितली, लेकीने वर्ग सांगितला, आणि सासूबाईंनी नातं. लिहायची वेळ आली, म्हणजे विमा किंवा वाटणीच्या कागदात, तर 'लक्ष्मी, रविवर्मा, ओलिओग्राफ, चौकटीसह' असं लिहा. बोलताना सासूबाईंच्या तोंडातला फोटो काढू नका.

एक मात्र करा. नवी फ्रेम बसवण्याआधी जुनी उघडाल तेव्हा चित्राची खालची पांढरी कडा नीट पाहा. मळवलीच्या प्रतींवर तिथे इंग्रजीत छापखान्याचं नाव आणि कार्ला-लोणावळा असा पत्ता असतो. मढवणारे पट्टीत बसावं म्हणून नेमकी तीच कडा कापतात. भिंगातूनही बघा. शिळाछाप असेल तर रंगाचे कण खडूने घासल्यासारखे, वेडेवाकडे दिसतील. एका ओळीत मांडल्यासारखे सारखे ठिपके दिसले तर प्रत पुढच्या काळातली, ऑफसेटवरची. दुकानदाराला काय उत्तर द्यायचं ते त्यानंतर ठरवा, आणि काही झालं तरी कडेला कात्री लावू देऊ नका.